रांगेत उभी राहिलेली गायिका



आज बोलायचं आहे ते एका बंगाली कलावतीविषयी; पण सुरुवात मी माझ्या शाळेपासून करतो. चौथीत असताना स्वातंत्र्यदिनाच्या गाण्यासाठी आमच्या वर्गातली वीस-बावीस मुलं निवडली होती. तालमीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याजवळ आले, वाकून कान लावला आणि हळूच म्हणाले, "तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." मी ओठ हलवले. कार्यक्रम झाला, पेढा मिळाला, घरी आईनं कौतुकही केलं. मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं गणपतीची आरती म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच राहायचा. गुरुजींच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. गाणं चांगलं व्हावं, एवढंच त्यांना वाटत होतं. ऐकणाऱ्यांत शिक्षकमंडळी असतील, त्यांच्यावरही अशी वेळ आली असेल. गाणं चांगलं व्हायला हवं, आणि पोरगं तर बेसूर! मग करायचं काय?

या प्रश्नाशी जिचं आयुष्य जोडलेलं आहे, ती ही बाई. नाव रुमा गुहाठाकुरता. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 'किशोरकुमारांची पहिली पत्नी, अमितकुमारांची आई' असं म्हटलं की लोक मान डोलावतात. दोन्ही गोष्टी खऱ्याच. पण एखाद्या बाईची ओळख तिच्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावानं करून दिली की तिचं स्वतःचं काम झाकून जातं. इथं तर झाकलं जाणारं काम भलतंच मोठं आहे.

रुमादेवींचा जन्म कलकत्त्याचा, १९३४ सालचा. आई सती देवी या नावाजलेल्या गायिका. तिकडे कुमाऊंच्या डोंगरात, अल्मोड्याला, नृत्यकार उदय शंकर यांनी कलाकेंद्र काढलं होतं. सती देवी तिथल्या गायक-वादकांत दाखल झाल्या आणि त्यांच्याबरोबर ही लहानगी पोरही डोंगरात गेली. काय शाळा होती ती! कथकलीला शंकरन् नंबूद्री, भरतनाट्याला कंदप्पा पिल्ले, मणिपुरीला अमोबी सिंग आणि संगीताला बाबा अल्लाउद्दीन खाँ. पुढं सिनेमात नाव काढलेले गुरुदत्त तिथलेच विद्यार्थी, आणि जोहरा सेहगल तिथं शिकवीत. नुसतं चालायचं कसं, याचेसुद्धा तिथं धडे असत. दहाजण चालत असताना आपलं पाऊल दुसऱ्याच्या पावलाशी कसं जुळवून घ्यायचं, हे त्या मुलीनं नाचातून पाहिलं ते लिहायला-वाचायला शिकण्याच्या वयात.

ते केंद्र १९४४ साली बंद पडलं. त्याच साली 'ज्वार भाटा' नावाचा बोलपट आला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट, दिलीपकुमार यांचा पहिला. त्यात एका बालभूमिकेत आपली रुमा होती. वय दहा. आई पुढं मुंबईला पृथ्वी थिएटर्सच्या संगीतविभागात आल्या. पृथ्वीराज कपूर हे खेळ संपला की दारात झोळी पसरून उभे राहत आणि चांगल्या कामासाठी प्रेक्षकांकडून पैसे गोळा करीत, ही गोष्ट जुन्या लोकांच्या तोंडून तुम्ही ऐकली असेल. रंगभूमीचा वारा लागला तो असा घरातूनच.

त्या दिवसांतली मुंबई डोळ्यांपुढं आणा. १९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजे 'इप्टा', स्थापन झाला. नाटकवाले, नाचवाले, गाणारे, लिहिणारे सगळे एका छपराखाली आले. आपले शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे याच चळवळीतले. डफ घेऊन मैदानात उभं राहायचं, एकानं ओळ टाकायची नि हजारांनी ती उचलायची, ही रीत आपल्या शाहिरांना नवी नव्हती. बंगालकडून आलेले संगीतकार सलिल चौधुरी यांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. आणि तिथंच आपल्या गोष्टीला वळण लागतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्याकडे भजनात शंभर टाळकरी असले तरी सगळे एकच चाल म्हणतात. बायका वरच्या सप्तकात, बाप्ये खालच्या. पण चाल एकच. पाश्चात्त्यांच्या चर्चमधल्या गाण्यात तसं नसतं. तिथं आवाजांचे चार गट करतात. बारीक आवाजाच्या बायका, भरदार आवाजाच्या बायका, उंच आवाजाचे पुरुष आणि खर्जातले पुरुष. प्रत्येक गटाला निराळी चाल. पण चारही चाली एकाच वेळी अशा काही गुंफायच्या की ऐकणाऱ्याला भरलेलं एकच गाणं ऐकू यावं. खर्जवाल्याला कदाचित सबंध गाण्यात तीन-चारच सूर असतील. पण ते काढून घ्या, म्हणजे खांब काढलेल्या माडीसारखं गाणं खाली बसेल. सलिलबाबूंनी ही रीत देशी गाण्यांना लावली आणि पन्नाशीच्या दशकात मुंबईत 'बॉम्बे यूथ क्वायर' उभं केलं. क्वायर म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा म्हणा ना. रुमादेवी त्यात होत्या.

आता घरची हकीकत थोडक्यात. 'मशाल' सारख्या हिंदी चित्रपटांतून त्या १९५० साली पडद्यावर आल्या होत्या. त्याच सुमारास किशोरकुमारांशी लग्न झालं. १९५२ साली अमितचा जन्म झाला आणि १९५८ साली पतिपत्नी विभक्त झाले. का आणि कसं, यात आपण शिरायला नको. पण पाहा, त्याच १९५८ साली कलकत्त्यात या बाईनं 'कलकत्ता यूथ क्वायर' सुरू केलं. वय अवघं चोवीस. पाठीशी सलिल चौधुरी होते. सत्यजित राय होते. हे सत्यजितबाबू म्हणजे नात्यानं मावशीचे यजमान, आणि पाश्चात्त्य संगीताचे मोठे जाणकार.

तुम्ही म्हणाल, गळा नसेल चांगला, म्हणून घोळक्यात गायच्या असतील. छे! रायांनी १९६१ साली 'तीन कन्या' काढला, त्यातल्या 'मणिहारा'मधलं रवींद्रनाथांचं गाणं रुमादेवींच्या एकट्या आवाजात आहे. १९६३ साली 'पलातक' हा बंगाली चित्रपट आला. त्याचे निर्माते आपले व्ही. शांताराम. त्यात रुमादेवींची भूमिका आहे आणि गाणंही आहे. १९६० सालच्या 'गंगा'मध्ये त्या मासेमारांच्या वस्तीतल्या बाई झाल्या, १९६२ सालच्या 'अभिजान'मध्ये ख्रिस्ती घरातली शाळामास्तरीण. पुढं १९८९ साली रायांच्या 'गणशत्रु'मध्ये डॉक्टरांची पत्नी. एकटीनं पुढं येऊन टाळ्या घेण्याची सगळी सामग्री या बाईजवळ होती. सिनेमा त्यांनी सोडलाही नाही. पण जन्मभर हाती धरून ठेवलं ते ओळीत उभं राहून गायचं काम.

मला तर एक गंमत वाटते. तपन सिन्हा यांचा 'निर्जन सैकते' नावाचा चित्रपट आहे, पुरीच्या यात्रेला निघालेल्या विधवांचा. १९६५ सालच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते त्यातल्या अभिनेत्रींना मिळून. म्हणजे पडद्यावरसुद्धा बक्षीस आलं ते वाटून घ्यायचं!

या क्वायरचं गाजलेलं एक गाणं तुम्ही हिंदीत ऐकलं असेल. दोन्ही तीरांवर माणसं हाल सोसताहेत, आणि गंगे, तू मात्र मुकाट वाहतेस कशी, असं नदीला विचारणारं. चाल बांधली भूपेन हजारिका यांनी. ते अमेरिकेत शिकत असताना तिकडचे काळे गायक पॉल रोबसन यांच्या सहवासात आले. रोबसन मिसिसिपी नदीचं एक गाणं म्हणत; त्यावरून भूपेनदांना हे सुचलं. बंगाली शब्द शिवदास बंद्योपाध्याय यांचे. आता हा प्रश्न एकट्यानं विचारला तर ती तक्रार होते. चाळीस गळ्यांनी विचारला म्हणजे नदीलाही थांबावंसं वाटेल. १९७४ साली हे क्वायर डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या युवक महोत्सवात गेलं आणि पहिलं पारितोषिक घेऊन आलं. रुमादेवी वारल्या ३ जून २०१९ रोजी, कलकत्त्यातच; कलकत्त्याचं कोलकाता झालं होतं तोवर. वय ८४.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे, हे विसरू नका. संगीतकार वसंत देसाई यांनी 'एक सूर एक ताल' म्हणून शाळेशाळेतल्या मुलांना एका मैदानात उभं करून गाववलं. कुठलं मूल सुरेल नि कुठलं बेसूर, हे निवडत बसले असते तर मैदान भरलं असतं का?

आता गुरुजी, बाई, तुमच्यासाठी एक साधी गोष्ट सांगून थांबतो. अलीकडे मी आमच्या गावच्या शाळेत अधूनमधून जातो. बेसूर वाटणारं पोरगं बहुतेक वेळा बेसूर नसतं. गाणं त्याच्या पट्टीत नसतं, एवढंच. आपण पेटीची काळी चार-पाच धरतो, ती त्याला झेपत नाही, मग ते ओरडतं. त्याला ओरडू नका म्हणण्याऐवजी आधी सगळ्या वर्गाला तोंड मिटून एकच सा गुणगुणायला लावावा. पट्टी खाली आणावी. तरीही ज्याला चाल धरवत नाही, त्याला खालचा एकच सूर द्यावा आणि सांगावं, की बाबा, सगळे कुठंही गेले तरी तू इथंच थांबायचंस. मागच्या महिन्यात असा एक पोरगा दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभा केला. पहिल्या दिवशी तो सरकला, दुसऱ्या दिवशीही सरकला. तिसऱ्या दिवशी थांबला. आणि बाकीची मुलं गाता गाता वळून त्याच्याकडे बघायला लागली.