लठ्ठपणा आणि कुपोषण : एकाच प्रश्नाच्या दोन बाजू
(भाषणाचा मजकूर)



कर्जत आणि खालापूर हे भातशेतीचे तालुके. येथील ठाकूर-कातकरी वाड्यांच्या संदर्भात कुपोषणाची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. परंतु कारखाने, लोकलचा प्रवास व बैठे काम यांमुळे कर्जत, नेरळ, खोपोलीसारख्या ठिकाणी लठ्ठपणाही वाढीस लागण्याचा धोका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते.

हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो आढळले. मात्र येथील बालके रोड असूनही त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक होती. अशा बालकांना पुढे मधुमेहाचा धोका संभवतो. म्हणूनच गर्भवतीचा सकस आहार हा लठ्ठपणाविरुद्धचाही पहिला उपाय होय.

आहार

यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अत्यल्प असते. नाचणी-वरीची भाकरी, कडधान्ये आणि पावसाळ्यात आदिवासी भगिनी बाजारात आणतात त्या टाकळा, कुर्डू, कंटोळी या रानभाज्या ताटात असाव्यात. कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध आहे. तो अधूनमधून खावा, पण त्याला रोजची न्याहारी करू नये. तेल, साखर यांवर नियंत्रण हवे आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे.

व्यायाम

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक झाल्यास आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी कबड्डी, खो-खोचा तास इतर विषयांकडे वळवू नये. ग्रामपंचायतीने मैदान मोकळे राखावे, स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल अशा रस्त्यावर दिवे लावावेत. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने वाडीतील बालकाच्या वजनाबरोबरच बाजारपेठेतील प्रौढांच्या वजनाचाही विचार करावा. एका ताटात अन्न अपुरे आणि दुसऱ्यात अयोग्य, ही विषमता दूर करणे हेच खरे आरोग्यकार्य होय.