मेमरी किती, डिस्क किती : आधी कामाचा हिशेब

(पोफळी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मदत केंद्रांकडे आलेले अर्ज, त्यांवरचा पत्रव्यवहार आणि लोकांच्या कागदपत्रांच्या प्रती एका सर्व्हरवर ठेवायचे आपण ठरवले आहे. त्यासाठी दोन प्रस्ताव समोर आहेत. पहिल्यात १२८ जीबी मेमरी आणि एकच मोठी हार्ड डिस्क आहे. दुसऱ्यात ३२ जीबी मेमरी, डिस्कच्या दोन जोड्या आणि परगावी ठेवायची एक प्रत आहे. खर्च जवळजवळ सारखाच. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने बोलणार आहे. पैसा वर्गणीचा आहे, आणि ज्यांचे कागद आपण सांभाळणार त्यांच्यापैकी अनेकांकडे दुसरी प्रत नाही. म्हणून हिशेब नीट मांडतो.

मेमरी आणि साठा यांतला फरक पोफळीकरांना वेगळा सांगायला नको. शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावते. पण जनित्रावरचा भार एकदम वाढला, तर लांब बोगद्यातले पाणी त्याच क्षणी वेग घेत नाही. तेवढा वेळ सर्ज वेलमधले पाणी निभावून नेते. सर्ज वेल जलाशयापुढे अगदी लहान, पण जनित्राजवळ. सर्व्हरची मेमरी तशी असते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : वीज गेली की मेमरी रिकामी होते. टिकते ते डिस्कवर लिहिलेले.

वेगाचे अंतर किती? मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद. मेमरीच्या कामाला एक सेकंद धरला, तर एसएसडीला सुमारे सतरा मिनिटे आणि हार्ड डिस्कला अठ्ठावीस तास लागतील. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क ठिकठिकाणची माहिती सेकंदाला जेमतेम शंभर वेळा शोधू शकते. चाळीस लोक एकाच वेळी नोंदी शोधू लागले की ती दमते. म्हणून रोज लागणारी माहिती मेमरीत मावली पाहिजे. सगळी माहिती मावण्याची गरज नाही.

मग रोज लागणारी माहिती किती? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दूच्या बहुतेक अक्षरांना दोन आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरायची. समजा वीस लाख नोंदी झाल्या आणि प्रत्येकीत ५०० चिन्हे आहेत. सगळे मराठीत असले तरी मजकूर तीन जीबी होतो. शोधासाठीच्या सूची धरून सहा जीबी म्हणू. म्हणजे सगळ्या नोंदी ३२ जीबीत आरामात बसतात, आणि ऑपरेटिंग सिस्टीमला व पुढच्या वाढीलाही जागा उरते. १२८ जीबी घेतल्यास उरलेली मेमरी बहुतेक वेळ रिकामी बसेल.

नुसती मेमरी बसवूनही भागत नाही. डेटाबेसला ती वापरायला सांगावे लागते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीची राखीव मेमरी मुळात फक्त १२८ एमबी ठरवलेली असते. ती वाढवली नाही, तर पैसे खर्चूनही डेटाबेस आखडूनच काम करतो.

जागा खातात त्या प्रतिमा. एक लाख पानांचे स्कॅन, प्रत्येकी दोन एमबी, म्हणजे २०० जीबी. पण एखाद्याचा निकाहनामा किंवा जन्मदाखला वर्षातून एकदा उघडला जातो. त्याला महागडी जलद डिस्क कशाला? नोंदी एसएसडीच्या जोडीवर आणि स्कॅन हार्ड डिस्कच्या जोडीवर ठेवू. एसएसडी घेताना किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे ते पाहा, आणि वीज अचानक गेल्यास हातातले लिखाण पुरे करण्याची सोय तिच्यात आहे का, तेही विचारा. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मेमरी चुका ओळखून दुरुस्त करणारी, म्हणजे ईसीसी प्रकारची घ्यावी. जन्मतारखेतला एक आकडा गुपचूप बदलला, तर त्या माणसाला कचेरीच्या किती फेऱ्या पडतील!

जोडी का? एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावे म्हणून. पण जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. कोणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. आणि पाणी शिरले तर दोन्ही बुडतात. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. २००५ आणि २०२१ च्या पुरांत तिथल्या ग्रंथांचे काय झाले ते तुम्ही जाणता. वाशिष्ठीचे पाणी कागद आणि डिस्क यांत फरक करत नाही. म्हणून जाणकारांचा नियम पाळू : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक परगावी. ती चिपळुणात नको, घाटावर ठेवू. ती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असावी, कारण हे कागद लोकांचे आहेत, आपले नव्हेत. आणि दर तीन महिन्यांनी तिच्यातून काही नोंदी परत उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

उद्या काम वाढले आणि सर्व्हर मंदावला, तर आधी मोजा. मेमरी संपून सर्व्हर सतत डिस्कचा आधार घेत असेल, तर मेमरी वाढवा. मेमरी शिल्लक असून प्रोसेसर डिस्कची वाट पाहत असेल, तर डिस्क बदला. म्हणून सर्व्हर घेतानाच मेमरीच्या दोन खाचा रिकाम्या ठेवा. गरज दिसेल तेव्हा भरू.

वेग कमी पडला तर माणूस दोन मिनिटे थांबेल. कागदच हरवला तर त्याचा हक्क अडेल. वर्गणीचा रुपया आधी दुसऱ्या प्रतीवर खर्च करा, एवढीच माझी विनंती आहे.