नोकरीचे भांडवल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित युवक-पालक मेळाव्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला देण्यात आलेला विषय आहे 'नोकरीसाठी शहरात जाणाऱ्या तरुणांचे आर्थिक नियोजन'. नियोजन म्हटले की तक्ते आणि टक्केवारी यांची अपेक्षा असते. मी मात्र माझ्या घरातील एक हकीकत सांगणार आहे. ती सांगण्यापूर्वी पुतण्याची आणि थोरल्या बंधूंची परवानगी घेतली आहे. पुतण्या म्हणाला, "काका, सांगा. निदान दुसऱ्या कुणाचा तरी फायदा होईल."

2023 च्या जुलै महिन्यात पुतण्याला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. वार्षिक पॅकेज 4,20,000 रुपये. बंधूंचे किराणा दुकान आहे. त्यांनी बाराने भाग दिला आणि महिना 35,000 असे घरात आणि बाजारपेठेत सांगितले. पेढे वाटले गेले. मी बत्तीस वर्षे बँकेत लोकांची कर्जप्रकरणे तपासली, कागदावरील बारीक अक्षर वाचणे हाच माझा व्यवसाय होता. पण घरच्या मुलाचे नेमणूकपत्र माझ्या हाती आले तेव्हा मी पहिले पान पाहिले, पाठीवर हात ठेवला आणि कागद परत दिला. ही माझी चूक मी आज आपणांसमोर कबूल करतो.

दुसऱ्या पानावर काय होते? त्या 4,20,000 मध्ये 42,000 रुपये वर्षअखेरीस कामगिरी पाहून मिळणार होते. उरलेल्यातून कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा दरमहा 1,680, ग्रॅच्युइटीची तरतूद 673 आणि विम्याचे 447 रुपये वजा होते. राहिले 28,700. त्यातून त्याचा स्वतःचा निधीचा वाटा 1,680 आणि व्यवसाय कर 200. हातात येणार होते 26,820 रुपये. निधीची रक्कम त्याचीच आहे, ती बुडालेली नाही. परंतु तिने घरभाडे देता येत नाही.

तरीही मित्रहो, खरा घोटाळा याहून आधी झाला होता.

मुलगा 18 जुलैला कामावर रुजू झाला. त्या महिन्याची पगारपत्रके तोवर तयार झाली होती. त्यामुळे पहिला पगार 31 ऑगस्टला मिळाला, म्हणजे चव्वेचाळीस दिवसांनी. या काळात काय काय लागले ते ऐका. दोन मित्रांसह वाकडला 27,000 रुपये भाड्याने जागा घेतली. तीन महिन्यांचे डिपॉझिट, त्याचा वाटा 27,000. एजंटाला एक महिन्याचे भाडे, वाटा 9,000. दोन महिन्यांचे आगाऊ भाडे 18,000. करारनामा आणि नोंदणी 1,000. गादी, बादली, शेगडी, चार भांडी आणि पावसाळा असल्यामुळे रेनकोट, मिळून 8,000. जेवणखाण आणि जाणे-येणे 12,000. एकूण 75,000 रुपये. घरून निघताना त्याला किती दिले होते? 30,000. आणि तेही आपण भरपूर दिले, अशा समाधानाने.

उरलेले 45,000 त्याने कुठून आणले हे कुणी विचारले नाही. पंधरा हजार मित्रांकडून घेतले, तीस हजार मोबाइलवरील एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून. पहिला पगार दीड महिन्याचा एकदम आला खरा, पण त्यातले दहा हजार त्याने घरी पाठविले, कारण अण्णांनी चार लोकांत सांगून ठेवले होते. मित्रांचे पैसे फेडले, नवे भाडे दिले आणि ॲपच्या हप्त्यासाठी दुसऱ्या ॲपवरून कर्ज घेतले. त्या वर्षी दशलक्षण पर्वाला तो घरी आला नाही. कामाचा ताण आहे म्हणाला. खरे कारण नंतर कळले. जाण्यायेण्याचे पैसे नव्हते आणि वहिनींच्या डोळ्यांस डोळा देण्याचे धैर्यही नव्हते.

ऑक्टोबरात वसुलीचा फोन थेट बंधूंच्या दुकानात आला. गिऱ्हाइके उभी असताना. ज्या घराने तीन पिढ्यांत कुणाचा पैसा एक दिवस थकविला नाही, त्या घराला तो फोन कसा लागला असेल याची आपणांस कल्पना यावी. बंधूंनी दुकान बंद केले आणि माझ्याकडे येऊन बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "पोरगं उधळं निघालं."

मी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो. रात्रभर त्याच्यासह कागद मांडून बसलो, एकेक आकडा तपासला. श्रोतेहो, उधळपट्टीचा एक रुपया सापडला नाही. एक सिनेमा आणि आईसाठी घेतलेली एक साडी, एवढेच. पोरगा उधळा नव्हता. भांडवल अपुरे होते आणि ते अपुरे आम्ही वडीलधाऱ्यांनी दिले होते.

भांडवल हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. आपण बहुतेक व्यापारी आणि शेतकरी घरांतील माणसे. हेच बंधू जर त्याला दुसऱ्या गावी दुकान काढून देणार असते, तर त्यांनी गाळ्याचे डिपॉझिट, फर्निचर, पहिला माल, आणि गिऱ्हाईक बसेपर्यंतचे चार महिने हे सारे आधी धरले असते. नोकरीला मात्र भांडवल लागत नाही, अशी आपली दृढ समजूत आहे. नेमणूकपत्र आले की सारे विचारतात, "पगार किती?" डिपॉझिट किती आणि पहिला पगार कोणत्या तारखेला, हे कुणी विचारीत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की मुलगा वा मुलगी निघण्यापूर्वी पहिल्या साठ दिवसांचा हिशेब पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून लिहावा. एवढी रक्कम घरात नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि घर घेण्याऐवजी आरंभी कॉट बेसिसवर राहावे. तेथे डिपॉझिट थोडे असते, गादी-शेगडी घ्यावी लागत नाही, आणि दोन महिन्यांत कंपनीच्या आसपासचा भाग कळतो. आमच्या पुतण्याने हे केले असते तर तीस हजार कदाचित पुरले असते.

दरमहाच्या खर्चाविषयी थोडे बोलतो. दूरची जागा स्वस्त म्हणून घेताना पेट्रोल आणि रस्त्यावर जाणारे तास भाड्यात मिळवून पाहावेत. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज अडकणारे येथे बसले आहेत, ते सांगतील. मुलींच्या बाबतीत जागा कंपनीजवळ आणि चांगल्या वस्तीत असावी. तेथे हजार-दोन हजार वाचविण्याच्या फंदात पालकांनी पडू नये. जेवणाचा प्रश्न आपल्या मुलांना अधिक अवघड जातो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि तेव्हा मूल कचेरीतच असते. नियम पाळणाऱ्याने सायंकाळचा डबाही सकाळीच सोबत न्यावा लागतो. कंदमुळाशिवाय करून देणाऱ्या घरगुती डब्याला दोन पैसे अधिक पडतात. ते पैसे आरंभीच अंदाजात धरावेत, नाहीतर नियमही मोडतो आणि बाहेर खाऊन पैसाही जातो.

अंदाज कोसळतो तो मात्र दरमहा न येणाऱ्या खर्चांनी. करारनामा अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की भाडे वाढते, कधी जागाच बदलावी लागते. दुचाकीचा विमा, दिवाळीचा प्रवास, घरातील लग्नकार्ये. यांची वर्षाची बेरीज करून बारावा हिस्सा दरमहा वेगळ्या खात्यात टाकावा. करारनाम्याची नोंदणी महाराष्ट्रात कायद्याने आवश्यक आहे. "नोटरी पुरे" असे कुणी म्हटले तर ऐकू नये. राहायला जाताना भिंतींची, नळांची छायाचित्रे काढून घरमालकाला पाठवून ठेवावीत; डिपॉझिट परत घेताना ती उपयोगी पडतात.

आणि पालकांना हात जोडून विनंती, पहिले सहा महिने मुलाकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. आपले वाडवडील दुकान बंद करताना रोजमेळ लिहीत, शिल्लक जुळल्याशिवाय उठत नसत. त्याच घरातील मुलाला महिन्याच्या वीस तारखेला खात्यात किती आहेत हे सांगता येत नाही. रोज निजण्यापूर्वी पाच मिनिटे, वहीत वा मोबाइलवर, त्याने रोजमेळ लिहावा आणि महिन्यातून एकदा तो वडिलांना दाखवावा. वडिलांनी तो पाहून रागवायचे नाही, ही माझी अट. रागावले की पुढचा रोजमेळ खोटा येतो.

विश्वस्त मंडळींसमोर एक सूचना ठेवतो. आपला ट्रस्ट पन्नास वर्षे शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देत आला आहे. परंतु शिक्षण संपून नोकरी लागते त्या दोन महिन्यांत मुलाला कुणाचाच आधार नसतो. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून काही रक्कम बाजूला काढून केवळ डिपॉझिटसाठी बिनव्याजी उसनवार देता येईल काय? डिपॉझिट खर्च होत नाही, घरमालकाकडे राहते आणि परत येते. मुलाने वर्षभरात हप्त्यांनी फेडावे, तीच रक्कम पुढच्याला द्यावी. पुतण्याचे कर्ज आम्ही फेडले ते असेच, बंधूंनी आणि मी निम्मे निम्मे. गेल्या वर्षी त्याने सारे परत केले. ती रक्कम मी या निधीसाठी आज अध्यक्षांच्या हाती देत आहे.

भोजनानंतर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. ज्यांच्या हाती नेमणूकपत्र असेल त्यांनी ते दुसऱ्या पानासह घेऊन यावे आणि शक्यतो वडिलांना बरोबर आणावे. जय जिनेंद्र.