केसपेपरवर न येणारी तक्रार
(हसनाबाद, ता. भोकरदन येथील डॉक्टरांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

मित्रहो, आणि आग्रहाने बोलावल्यावर वेळ काढून आलेले शिक्षक, आशाताई,

हसनाबादला परिषद म्हटल्यावर अध्यक्षानं साप-विंचवावर किंवा बीपी-शुगरवर बोलावं, अशी अपेक्षा असते. मी अंथरुणात शू करणाऱ्या मुलांबद्दल बोलणार आहे. हसू आलं तर इथेच हसून घ्या. घरी त्या पोराला हसणारे पुष्कळ आहेत.

ही तक्रार केसपेपरवर येत नाही. आई खोकला दाखवायला येते, औषध घेऊन दारापर्यंत जाते आणि तिथून वळून विचारते, "हा अजून रात्री अंथरूण ओलं करतो, काही होत नाही ना?" पोरगं जमिनीकडे बघतं. आपण "मोठा झाला की थांबेल" म्हणून पुढचा नंबर पुकारतो. आपलं म्हणणं खोटं नसतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधराएक मुलांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी पाचेक उरतात, आणि दरवर्षी सुमारे 15 टक्के मुलं औषधाशिवाय बरी होतात. पण नऊ वर्षांच्या ज्या मुलाला जूनमध्ये निवासी शाळेत जायचंय, त्यानं तोवर काय करायचं?

कारणं आपल्याला माहीत आहेत. रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक कमी पडतं, मूत्राशय लवकर भरतं, आणि ते भरल्याची वर्दी झोपेत पोचत नाही. यात आळस नाही, खोडी नाही. आई-वडील दोघांना लहानपणी त्रास असेल तर चारांतल्या तीन मुलांना तो होतो. एकालाच असेल तर निम्म्याहून थोड्या कमी मुलांना. म्हणून हा प्रश्न मी वडिलांना मुलासमोरच विचारतो. वडील आधी "छे" म्हणतात. सोबत आजी असली की ती खरं सांगते, आणि त्या क्षणी पोराची मान वर येते. एवढं काम करणारी गोळी माझ्या पाहण्यात नाही.

तपासणी थोडकी, पण चुकवू नये. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तहान वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी ग्लुकोमीटर लावा. टाइप एक मधुमेह असाही येतो. लघवीत साखर, प्रथिनं, पू पाहा. पाठीच्या खालच्या टोकाला केसांचा झुबका किंवा खळगा आहे का, ते बघा. दिवसाही चड्डी ओली होते का, मूल घोरतं का, आणि शौचाला खडा होतो का, हे विचारा. शेवटचा प्रश्न आपण विसरतो. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं, आणि कधी बद्धकोष्ठ गेल्यावर रात्रीही कोरड्या होतात. जंताची गोळी आणि टॉनिक लिहून मोकळं होणाऱ्यांनी निदान पोट चाचपावं.

आता आपल्या भागाचं. "संध्याकाळी पाणी बंद करा" हा सल्ला आपण सर्रास देतो. पूर्णा-गिरिजेच्या या खोऱ्यात, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत, मूल दिवसभर पितं तरी किती? शाळेतलं शौचालय कुलपात, उघडं असलं तर नळाला पाणी नाही. मग मुली पाणी पीतच नाहीत, मुलं लघवी आणि शौच दोन्ही दाबून धरतात. घरी आल्यावर माठाशी तांब्यावर तांब्या रिचवतात. रात्री अंथरूण ओलं होणारच. म्हणून पाणी तोडू नका, ते दिवसाकडे सरकवा: बहुतेक पाणी सकाळी आणि दुपारी, पाचनंतर पाचवा हिस्सा, आणि संध्याकाळचा चहा बंद. दिवसातून पाच-सहा वेळा लघवी, झोपण्याआधी एकदा. केरळच्या शाळांत 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी घंटा वाजू लागली. आपल्याकडे ती वाजवायला मुख्याध्यापकांना कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. पण त्याआधी शौचालयाची किल्ली सापडायला हवी.

अंथरूण ओलं केल्याबद्दल पोराला बसणाऱ्या माराचाही पाण्याशी संबंध आहे. भिजलेली गोधडी धुवायची म्हणजे दोन-चार हंडे पाणी जातं, ते आणणारी आई चिडते. तिला आपण उपदेश करू नये. मेणकापड आणि वर पातळ चादर सुचवावी. चादर थोड्या पाण्यात निघते. ओव्याबरोबर काळे तीळ-गूळ खाऊ घालणाऱ्या आजीशीही भांडू नये. चटका देण्याची भाषा कुणी केली, तर मात्र तिथेच थांबवावं.

एवढ्यानं भागलं नाही तर गजराचं यंत्र. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांनी 1904 मध्ये परिचारिकांना ओलं मूल कळावं म्हणून घंटा लावली, तर मुलंच कोरडी राहू लागली. यंत्र दोन-तीन महिने नेटानं वापरावं लागतं, आणि सुरुवातीला उठावं लागतं मोठ्यांना. एकाच खोलीत सगळं घर झोपतं तिथे हे सोपं नाही; म्हणून यंत्र लिहिण्याआधी घर विचारा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही.

डेस्मोप्रेसिन लग्नाला, सहलीला, वसतिगृहाच्या पहिल्या महिन्यांत उपयोगी पडतं. 0.2 मिलिग्रॅमची गोळी झोपण्याआधी तासभर द्यायची. त्याआधी तासभर आणि नंतर आठ तास पाणी जवळजवळ नाहीच, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. मे महिन्यात उशाशी माठ असलेल्या घरात ही गोळी मी देत नाही. उलट्या-जुलाबांतही ती बंद. इमिप्रामिन स्वस्त आहे म्हणून लिहू नका. धाकट्या भावंडानं मूठभर गोळ्या खाल्ल्या तर हृदय बंद पडू शकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. पथकातल्या डॉक्टरांनी रात्री अंथरूण ओलं होतं का, हा प्रश्न प्रत्येक मुलाला एकेकट्यानं विचारावा, वर्गासमोर नाही, एवढी माझी सूचना आहे. चहानंतरच्या चर्चेत आधी शिक्षकांनी शौचालयांबद्दल बोलावं. आपण डॉक्टर नंतर बोलू.