धरणारा हात, सोडणारा हात



कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत ३० वर्षं घालवलेल्या माणसाला तुम्ही या खुर्चीवर बसवलंत, मी ऋणी आहे. मिळालेला वेळ मी एकाच हातासाठी वापरणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्याकडे आली. जन्मतःच डावा हात कोपराखाली जेमतेम चार अंगुळं. तिला आधी कुणीतरी कातडीच्या रंगाचा हात करून दिला होता, लग्नकार्यात घालायला. तिला जिममधला बार उचलायचा होता. "दोन्ही हातांनी," असं ती दोनदा म्हणाली.

आम्ही चामड्याचा कफ शिवला, त्याला कडी, कडीला आकडा. बार उचलला की कफ घसरायचा. पायाच्या सॉकेटवर, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीवर, आपली हयात गेलेली. उभं राहिलं की अंगाचा भार सॉकेट घट्ट बसवतो. इथं वजन सॉकेटला ओढून काढू पाहतं. कोपराजवळ दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे लागतात, त्यांच्या जरा वर पट्टा आवळला, तेव्हा कुठे कफ जागेवर राहिला. बेंच प्रेसला मात्र हाच कफ निरुपयोगी, कारण तिथं ढकलायचं असतं. त्यासाठी मऊ अस्तराची वाटी केली आणि उजव्या हाताशी लांबी जुळवायला पुढे नळी जोडली. लांबी बोटभर कमी राहिली तरी बार कलतो. ओढायचं साधन वेगळं आणि ढकलायचं वेगळं, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

बारच्या जाडीचाही मी विचार केला नव्हता. वेटलिफ्टिंग स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा, धरायच्या जागी २८ मिलिमीटर जाड. महिलांचा १५ किलोचा, २५ मिलिमीटर. माझा आकडा जाड बारच्या मापाचा, तिचा बार त्यात खुळखुळायचा.

आणि मग एका संध्याकाळी तिचा तोल गेला. उजव्या हातानं बार सोडून दिला. डावीकडचा आकडा सोडेना. बारबरोबर तीही खाली ओढली गेली, खांदा महिनाभर दुखत राहिला. ती चूक माझी होती. बोटं धरतात एवढंच मी पाहिलं होतं. ती वेळेवर सोडतात, हे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं. आता आमच्या आकड्याचं तोंड उघडं असतं, हात खांद्यातून वळवला की बार निसटतो. रिकाम्या काठीवर हे सोडणं अंगवळणी पडल्याशिवाय आम्ही प्लेट चढवू देत नाही.

अशा खेळाडूंच्या साधनांची मापं आधीच ठरलेली असतील, असं तुम्हाला वाटेल. भारताच्या राजिंदरसिंग राहेलूनं २००४ साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये पॉवरलिफ्टिंगचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला. पण तो खेळ मुख्यतः पायांचं अपंगत्व असलेल्यांचा आहे. तिथं फक्त बेंच प्रेस असते आणि कोपर सरळ होण्यात २० अंशांहून जास्त उणीव चालत नाही. या मुलीला त्या नियमपुस्तकात जागा नाही, त्यामुळे तिच्या साधनाचं तयार मापही कुठे मिळत नाही. ते आपल्याच कार्यशाळेत, तिला शेजारी बसवून काढावं लागेल. माप घेऊन पंधरा दिवसांनी बोलावण्याची आपली सवय इथं उपयोगाची नाही.

तिचा जुना कफ आणि आत्ताचा, दोन्ही तिनं आजच्यासाठी दिलेत. बाहेरच्या टेबलावर ठेवलेत, शेजारी रिकामा बार आहे. चहाला जाताना हातात घालून बार उचला, आणि मग दोन्ही कफांतून तो सोडून पाहा.