भिंतीला चुना की आपल्याला? – जुनं घर विकत घेताना

(जानेफळ येथे बचत गटांच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज विषय शेळ्यांचा नाही, शिलाई मशीनचाही नाही. आज घराबद्दल बोलू. नवं बांधणं परवडत नाही, म्हणून गावातलंच कुणाचं तरी जुनं घर घेतलं जातं. थोडी बचत, थोडं गटाचं कर्ज, थोडे दागिने मोडून. व्यवहार उन्हाळ्यात होतो, पेढे वाटले जातात. मृगाचा पाऊस पडला की मागची भिंत ओलीचिंब! घेणारी म्हणते, "तुम्हाला माहीत होतं." विकणारी म्हणते, "तुम्ही पाहूनच घेतलं होतं." दोघी एकाच गटातल्या असल्या की एक बैठकीला यायची बंद होते, दुसरी हप्ता थांबवते. घराचं भांडण गटात येतं.

म्हणून आधी पाहायचं कसं ते सांगते. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की तिच्याबरोबर भिंतही हलते. गिलाव्यावरची केसासारखी रेघ वेगळी, आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग वेगळी. अशी भेग दिसली तर गवंडी दाखवा. त्याची एका दिवसाची मजुरी द्या, पण दाखवाच. विकायच्या आधी ताजा रंग दिलाय? खूश होऊ नका, का दिला ते विचारा. भिंतीला चुना लावला की आपल्याला, हे पहिल्या पावसात कळतं. चौकटीला आणि लाकडांना टोचून पाहा, वाळवी लागलेलं लाकूड पोकळ वाजतं. न्हाणीत दोन बादल्या पाणी ओता, कुठं जातं पाहा. टिनपत्र्याखाली भर दुपारी उभं राहा, छिद्रातून ऊन दिसतं. आणि शेजारणीला विचारा, पावसाळ्यात या घरात भांडी कुठंकुठं ठेवावी लागतात!

दुसरी खोट कागदात असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. जागा कुणाची, गावठाणातली की सरकारी, वारस किती, बहिणींचा हक्क सुटलाय का, हे विचारा. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल थकलंय का बघा. आणि १०० रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या करून घर आपलं होत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराचं खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं. एक फायद्याची गोष्ट: १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. घरात हे नक्की सांगा.

आता कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण जो दोष उघड दिसत होता, तो न पाहणं ही घेणाऱ्याची चूक. म्हणजे तडा रंगाखाली दडवला असेल तर तुम्हाला बोलायला जागा आहे. समोर दिसणारा फुटका पत्रा दाखवून नंतर पैसे मागता येत नाहीत. शहरात बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेतला आणि तो प्रकल्प रेरात नोंदलेला असेल, तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. गावातल्या जुन्या घराला मात्र हा नियम लागत नाही.

दोष निघालाच तर? रागाने भिंत पाडू नका, पुरावा जातो. आधी फोटो काढा, गवंड्याकडून दुरुस्तीचा खर्च लिहून घ्या. मग विकणाऱ्याशी बोला, दोन जाणती माणसं सोबत घेऊन. ठरलं ते कागदावर घ्या. नाही ऐकलं तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पावती जपा. गावात तंटामुक्त समिती असेल तर तिच्यापुढे तडजोड करता येते. तिथंही नाही जमलं तर मेहकरला न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. लोकअदालतीत कोर्ट फी नाही, आणि तिथली तडजोड कोर्टाच्या निकालाइतकीच पक्की असते. दावा करायला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुद्दाम लपवलं असेल तर लबाडी कळल्यापासून मोजतात. पण तुम्ही थांबू नका.

आता विकणाऱ्या ताईंना सांगते. अडचण असते म्हणूनच घर विकलं जातं, हे मला कळतं. दोष सांगितला तर भाव पडेल ही भीतीही खरी आहे. पण "मागची भिंत ओल धरते, हे पाहून व समजून किंमत ठरवली" एवढी ओळ कागदात असली, तर उद्या तुमच्यावर बोट ठेवता येणार नाही. भाव पाच-दहा हजारांनी उतरेल, पण दोन वर्षांच्या चकरा वाचतील.

माझी आज एकच विनंती. गटाकडे घरखरेदीसाठी कर्जाचा अर्ज आला की मंजुरीआधी दोन गोष्टी मागा: गवंड्याने पाहिल्याची चिठ्ठी, आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची दोषांची यादी. ठराव वहीत लिहा. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाचा ठराव मी वाचून घेणार आहे.