भाड्याच्या घरांतील न्हाणीघर आणि वीज

पूर्वीं न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे. त्याचा विस्तव दिसे, धूर डोळ्यांना झोंबे. धोका काय तो उघड असे. आतां त्याच्या जागीं विजेचा गिझर किंवा बादलींत सोडण्याचा रॉड आला आहे, आणि त्याचा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. २,९२० मेगावॉट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र ज्या चंद्रपुराच्या वेशीवर उभें आहे, तेथील बिऱ्हाडांनाही ही अडचण चुकलेली नाहीं. खाणींतील कामगार, बदलीवर गडचिरोलीस आलेले शिक्षक आणि वनरक्षक कांहीं वर्षांनीं घर सोडून जातात. गिझर मात्र भिंतीवर तसाच राहतो. घरमालक म्हणतो, 'वापरणारा पाहील'. भाडेकरू म्हणतो, 'वस्तु मालकाची.' या दोघांच्या भिडेंत तपासणी राहून जाते.

कोरड्या कातडीचा विजेला होणारा रोध पुष्कळ असतो. अंग ओलें झालें म्हणजे शरीराचा रोध हजार ओमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टच्या दाबानें अशा शरीरांतून सुमारें २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहूं शकतो. त्याच्या निम्मा प्रवाहही छातींतून गेल्यास हृदयाची लय बिघडून प्राण जाऊं शकतो. 'फ्यूज आहे ना!' या समाधानाला म्हणूनच येथें अर्थ नाहीं. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, तारांच्या रक्षणासाठीं असतात. १६ अँपिअरची एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणें वाहूं देते. माणसाच्या रक्षणासाठीं आरसीसीबी हें निराळें उपकरण लागतें. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी गळती होतांच क्षणार्धांत वीज तोडते. तिच्यावरचें 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहावें. मात्र त्यानें उपकरण चालतें एवढेंच कळतें, अर्थिंग ठीक आहे असें ठरत नाहीं.

खरी मेख या अर्थिंगच्या तारेंतच आहे. जुन्या घरांत ती कोठें कोठें पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असते. पुढें नळ प्लास्टिकचे बसवितात. तार बांधलेली दिसते, पण जमिनीपर्यंत पोहोंचत नाहीं. याहून वाईट प्रकार म्हणजे तार वांचविण्यासाठीं सॉकेटमध्येंच न्यूट्रल व अर्थ जोडून टाकणें. तपासणीचा दिवा पेटतो, सर्व आलबेल वाटतें. आणि ज्या दिवशीं न्यूट्रलची तार मागें कोठें तुटते, त्या दिवशीं गिझरचें सबंध अंगच वीजभारित होतें. या कामाला कारागिरी म्हणणें कठीण.

त्यांत येथील हवेची भर पडते. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यांत ४७ अंशांच्या घरांत जातो, माती सुकून भेगाळते, आणि कोरड्या मातींत अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. श्रावणांत चांगलें उतरलेलें अर्थिंग वैशाखांत तसेंच राहील असें नव्हे. म्हणून मोजमाप भर उन्हाळ्यांत करावें. खिडकींतला पाण्यानें निथळणारा कूलरही त्याच दिवसांत त्याच अर्थिंगवर विसंबून असतो.

परवानाधारक वायरमनकडून तपासणी करवितांना त्यानें मेगर लावून ५०० व्होल्टच्या दाबाखालीं तारांचा वेष्टनरोध मोजावा; तो एक मेगओमपेक्षां कमी नसावा. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो, तेव्हां तो सहा अँपिअरच्या सॉकेटवर असल्यास तेथेंच काम थांबवावें. स्नान करणाऱ्याच्या हाताला बटण लागतां कामा नये. रॉड वापरणाऱ्या घरांत तर बटण बंद करून व पिन काढूनच पाण्याला हात लावावा.

खर्च कोणाचा? महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ जेथें लागू आहे, तेथें कलम १४ प्रमाणें घर सुस्थितींत ठेवणें मालकावर बंधनकारक आहे. तारजोडणी त्यांत धरणेंच न्याय्य. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकानें दुरुस्ती टाळली, तर भाडेकरूनें ती करवून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र एका वर्षीं ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नसावी. करारांत भिंतींच्या रंगाची आणि नळाच्या तोट्यांची नोंद होतेच. तपासणीचा दिनांक व वायरमनचा परवाना-क्रमांक त्याच कागदावर लिहून घेण्यास निराळा मुद्रांक लागत नाहीं.